राखेत हात

बाबा, माझ्या मुलानं परवा जाळीची शेगडी आणली. मागच्या अंगणात कोळशावर पनीर भाजायचं म्हणाला. मी आधी पाण्याची बादली भरून ठेवली, शेगडी भिंतीपासून चार पावलं दूर ओढली आणि सुनेला नायलॉनची ओढणी काढून यायला सांगितलं. ती हसली. आई, पनीरच भाजायचंय, म्हणाली. तिला कुठे ठाऊक मी कोणाची मुलगी आहे ते.

तुम्ही रेल्वेच्या इंजिनावर कोळसा टाकायचे. आठवडाभर आगीसमोर उभा राहिलेला माणूस सुटीत आगीचं नाव काढणार नाही, पण तुम्हाला थंडीत क्वार्टरच्या मागे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे हवेच असायचे. आई कणीक मळते आहे, तुम्ही गोवऱ्या रचताय, आणि तिथून पुढे सगळं तुमचं राज्य. बादली आल्याशिवाय काडी ओढायची नाही. पेटलेल्यावर रॉकेल नाही. वारा न्हाणीच्या बांबूच्या तट्ट्याकडे असला तर रोडगे पुढच्या रविवारी, मग पाहुणे येऊन बसलेले का असेनात. आणि शेवटी, राखेत हात घालून पाहिल्याशिवाय तिथून हलायचं नाही. गोवरीचा निखारा वरून विझलेला दिसतो, आत जिवंत असतो, असं सांगत तुम्ही उलटा पंजा राखेत फिरवून दाखवायचे. मला त्याचा भारी कंटाळा यायचा.

त्या रविवारी राख भरायचं काम माझ्याकडे होतं. मी चौदा वर्षांची. जेवणं झाली, तुम्ही व्हरांड्यात आडवे झालात, आईला भांडी घासायला राख हवी होती. घमेलं सापडेना, म्हणून मी बांबूच्या टोपलीत राख भरली, न्हाणीच्या तट्ट्याला टेकवली आणि मैत्रिणीकडे पळाले. परत आले तेव्हा तट्टा जळून खाली आलेला, अंगणात चिखल, आणि तुमचा उजवा हात आईच्या मांडीवर. आग शेजारच्या छपराला लागू नये म्हणून पेटता तट्टा तुम्ही हातानंच ओढून पाडला होता. तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच विचारलंत, "राखेत हात टाकून पाह्यला होता का वं?"

मी हो म्हणाले.

तुम्ही जरा वेळ माझ्याकडे पाहिलंत आणि आईला म्हणालात, "मंग पोरीची चूक नाही. माहाच नियम कच्चा होता." मला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. दोन महिने तुम्हाला फावडं धरता आलं नाही, शेडमध्ये बसून दिवे पुसावे लागले. पुढच्या रोडग्यांना नवा नियम निघाला, हाताला गार लागली तरी राखेवर बादली ओतायची. या चिखलानं भांडी कशी घासू म्हणून आई कुरकुरायची, पण तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत.

परवा शेगडी विझल्यावर मीही पाणी ओतलं. राख गारच आहे की, सून म्हणाली. मी म्हटलं, आमच्या बाबांचा नियम आहे. इतकी वर्षं तो याच नावानं चालतो आहे. बाबा, तो नियम माझ्या खोट्यातून निघाला. मी हात घातला नव्हता. तुमचा नियम पक्का होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. तुम्ही समोर बसून तेच पुन्हा विचारलं असतंत, तर मी आजही हो म्हणाले असते.