ओट्यावरचं रक्त

भाविका, तुझ्या सासऱ्यांना कवडीची अक्कल नाही. डॉक्टरांनी माझंच रक्त काढून, मशीनात घुसळून माझ्याच दुखऱ्या गुडघ्यात टोचलं, आणि चोळायचं नाही म्हणून बजावलं. यांना धीर कुठला! पिंपळनेरहून मालीशवाला धरून आणला. त्यानं गुडघा पिळला, यांनी माझे खांदे दाबून धरले. मग मी काठी हाणली. मालीशवाला पळाला, यांचं डोकं फुटलं. ओट्यावरचं बठ्ठं, सगळंच्या सगळं रक्त यांचंच आहे, घाबरू नको, पाणी ओत. टाके घालायला मीच रिक्षानं नेते. दारात कण्हत बसलेत, ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलूनच ही चिठ्ठी लिहिते: "अहो, पुन्हा माझ्या गुडघ्याला हात लावलात, तर पुढचे टाके मी घालीन, दाभणानं!"