जठराचा पडदा आणि चन्पेनचं सिन

वडीलधाऱ्या बुआफन ताईस,

धाकट्या ठोंगसुकचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मेकाँगला यंदा पाणी किती आलं? मी मजेत आहे. चन्पेन जाऊन वर्ष होत आलं, पण जेवतो, झोपतो, कॉलेजात शरीररचना शिकवतो. बायकोवाचून नवरा उपाशी मरतो हे तुझं म्हणणं खोटं ठरलं.

आता झालेला तमाशा ऐक. गर्भात जठर आधी सरळ नळीसारखं असतं, पाठीकडच्या भिंतीला पातळ पडद्याने टांगलेलं. मग ते उजवीकडे पाव वळण घेतं, पडदा डावीकडे ओढला जाऊन पिशवीसारखा फुगतो आणि पुढे आतड्यांवर एप्रनसारखा लोंबतो. एवढंच, पण माझी पोरं दरवर्षी नेमकी इथे माना टाकतात. (विद्यार्थी असताना मीही टाकली होती, पण ते त्यांना कशाला?) म्हणून यंदा कापडाचा नमुना शिवला. जठर म्हणून माझा मोजा घेतला. पडद्यासाठी कपाटात हात घातला, तर चन्पेनचं कमरेला गुंडाळून नेसायचं रेशमी सिन हाताला लागलं. पातळ, मऊ, अगदी हवं तसं. वर्गात पंख्याच्या हुकाला टांगलं, मोजा वळवला, आणि पिशवी अशी झकास फुगली की मीच खूश! मागे बघतो तर पुढची बाकं रिकामी. सगळे मुलगे मागच्या भिंतीला चिकटलेले.

"सर, बाईमाणसाचं सिन आमच्या डोक्यावर?" फानुवत म्हणाला. "आईला कळलं तर घरात घ्यायची नाही!"

"अरे, हा गर्भातला पडदा आहे."

"पडदा असेल हो, पण नेसलेलं कुणाचं?"

"माझ्या बायकोचं."

मग एका मुलीने स्टुलावर चढून ते उतरवलं, ट्रेमध्ये नीट मांडलं, आणि देहदान केलेल्यांना आम्ही 'थोर गुरू' म्हणून वंदन करतो तसं सगळ्यांनी गुडघे टेकून केलं. उरलेला तास जमिनीवर बसून झाला. पडदा सगळ्यांना समजला. मला मात्र रडू आवरेना; खडू आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

तुझा,
ठोंगसुक

ता. क. : नमुन्याची शिवण उसवली आहे. तुझ्यासारखी बारीक टीप इथे कुणाला जमत नाही. सवडीने आलीस तर बरं होईल.

आणखी एक ता. क. : शिवण मी कालच घातली. खरं सांगू? ते सिन काखोटीला मारून सकाळी घराबाहेर पडलो, तेव्हा "अहो, ते घेऊन कुठे निघालात? जनाची नाही तर मनाची तरी!" असं दारातून ओरडणारं कुणी नव्हतं. फार एकटं वाटतं, ताई. ये, राहा, आणि रोज हवं तेवढं रागव.