घंगाळाचं भोक

माय, घंगाळ सापडलं! बाकीचं सगळं मागून, आधी हे ऐक. तुझं घंगाळ. मामानं तुझ्या लग्नात दिलेलं, दोन कड्यांचं, ज्यात तू आमच्या आंघोळीचं पाणी काढायचीस ते पितळी घंगाळ. मी उमापूरला धाकट्याकडे गेले होते एखादा जुना कंदील मिळतोय का बघायला. गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागं काहीतरी काळंकुट्ट दिसलं. बोटाला थुंकी लावून काठावर घासलं, तर आत पिवळं! मी एवढ्या जोरात ओरडले की वासरू दावं तोडायला निघालं. धाकटा धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. "अक्का, ते न्हेऊन काय करतीस? वासराला पाणी पाजायला हाय ते," म्हणाला. वासराला मी नवीन प्लास्टिकचा टब आणून दिला, घंगाळ गाडीत मागच्या सीटवर ठेवलं आणि बीडपर्यंत दर दहा मिनिटांनी वळून बघत आले.

तुला माझ्या या नादाचं काही माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मला नवीन वस्तूंची हौस होती, सगळं चकचकीत स्टीलचं हवं असायचं. आता उलटं झालंय. बाहेरच्या खोलीत आपल्या जुन्या मापट्यात मी पेनं उभी केलीत, फुटक्या रांजणात दिवा बसवलाय, काठवट भिंतीवर टांगून तिच्यात आरसा लावलाय. त्या आरशात बघून कुंकू लावताना मला भाकरीच्या पिठाचा वास येतो, खरंच येतो. ह्यांचं मात्र एकच पालुपद, "लोकांचं जुनं माळ्यावर जातं, आपलं दिवाणखान्यात येतं. आणखी एक भंगार आलं, तर मी कपिलधारच्या देवस्थानात जाऊन राहतो." मी म्हटलं, जा, तिथून येताना कुणाकडं जुना पाट असला तर घेऊन या.

चिंच आणि राखेनं अर्धा दिवस घासलं तेव्हा कुठं ते उजळलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तुझं नाव वर आलं, त्याच्या पुढं 'भावाकडून'. मी तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिले. आणि मग ते उपडं केलं. बुडाला, अगदी मधोमध, भोक बुजवलेला रुपयाएवढा कथलाचा डाग होता. तो मी विसरले नव्हते, माय. एवढी वर्षं जुन्या बाजारात कुठंही घंगाळ दिसलं की मी आधी ते उपडं करून बघत आलेय.

मी दहा वर्षांची आहे. तू शेतात गेली आहेस. धाकट्याला गाडी हवी म्हणून तो रडून रडून घर डोक्यावर घेतोय. मी डब्याचं झाकण घेते, चाकासाठी त्याला मधोमध भोक पाडायचंय, आणि खाली टेकू म्हणून न्हाणीतलं घंगाळ उपडं घालते, कारण त्याचं बूड छान सपाट आहे. झाकणावर खिळा धरते, दगडानं दोन घाव घालते. दुसऱ्या घावाला खिळा झाकणातून जातो तो थेट घंगाळात. मी तो उपसते, भोकाला ओली माती लावते, घंगाळ जागच्या जागी ठेवते. गाडी फार सुरेख झाली होती, हे मात्र सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती विरघळली आणि न्हाणीत धार लागली. नेमकी तेव्हा आत्या दिवाळीला आली होती. तिनं दारात उभं राहून शेजारपाजारला ऐकू जाईल असं म्हटलं, "माह्यारहून आणलं ते बी गळकं! कावून दिलं असलं झिजकं भांडं? भावाला बहीण जड झालती का?" तू खाली मान घालून पाणी बादलीत ओतत होतीस. मी दाराआड उभी होते. एक शब्द बोलले असते, तर मामावरचा बोल पुसला गेला असता. पण बोलले असते, तर आत्यानं माझी पाठ सडकून काढली असती, म्हणून गप्प बसले. आत्या पुढं कित्येक वर्षं दर दिवाळीला ते 'झिजकं भांडं' काढायची आणि तू दर वेळी नुसती ताटं वाढत राहायचीस. तू त्या पहिल्या दिवाळीच्याच आठवड्यात गेवराईच्या बाजारात जाऊन घंगाळ डाग लावून आणलंस. येताना सुताराकडून बाभळीचा एक ठोकळा आणलास आणि माझ्यापुढं ठेवलास. "ठोकाठोकी करायची तर ह्याच्यावर करत जा," एवढंच म्हणालीस. मला वाटलं, माझी हौस बघून आणलास. मी हरखून गेले. पुढं तो ठोकळा कुठं गेला कोण जाणे, चुलीतच गेला असेल.

तर आता या घंगाळाचं हात धुवायचं बेसिन करायचं मी ठरवलं. नळवाला पोरगा मशीन घेऊन तयारच होता, "ताई, भोक पाडायला दोन मिन्टं." माझा हात काही धजेना. घंगाळ उचललं आणि गेवराईला गेले. तिथले कल्हईवाले चाचा आता गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. पांढरी दाढी, पण हात अजून पक्का. मी काम सांगितलं तर त्यांनी हातच जोडले. "बाई, जिंदगी भोकं बुजवण्यात गेली. आता भल्या भांड्याला भोक पाडू? आपल्याकडून न्हाई व्हायचं." मग त्यांनी घंगाळ उपडं केलं, डागावरून अंगठा फिरवला आणि एकदम हसले. "हा तर आमच्या अब्बाच्या हातचा डाग हाय. उमापूरच्या बाईचं घंगाळ ना? मी भाता मारत होतो तवा."

मी विचारलं, एवढ्या वर्षांनी कसं आठवतं? "कसं इसरणार? अब्बा पाच वक्ताचे नमाजी. ह्या एका भांड्यापायी खोटं बोलले, ते मरेपर्यंत सांगायचे." आणि मग त्यांनी सांगितलं. अब्बांनी भोक बघून तुला तिथंच म्हटलं होतं, बाई, हे झिजलेलं न्हाई, खिळा मारलाय कुणीतरी. आणि तू म्हणाली होतीस, "कुणी मारला ते मला ठावं हाय. लेकरू हाय माजं. तुमी डाग द्या, आन आमची ननंद इचाराया आली, तर झिजलं व्हतं म्हणा." आत्या खरंच आली होती विचारायला! आणि अब्बांनी तुझा शब्द राखला.

माय, मी त्या दुकानात शेगड्यांच्या ढिगापाशी उभी राहून आधी हसले आणि मग मला रडू आवरेना. आपल्या भावाला बोल लागू दिलास, पण माझं नाव घेतलं नाहीस. आणि ठोकळा आणून दिलास! चाचा घाबरले, त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मग म्हणाले, "नवं भोक मी पाडणार न्हाई. पण हे जुनं खुलं करून देतो." त्यांनी आच दिली, कथील वितळलं आणि माझ्या खिळ्याचं भोक वर आलं, काठ आत वळलेले, जसंच्या तसं. कानशीनं ते गोल, मोठं केलं. पाईप असा बसलाय की थेंब गळत नाही.

काय सुंदर दिसतंय गं! जेवण्याच्या खोलीत, खिडकीखाली, तुझं नाव समोर येईल असं बसवलंय. पाणी पडलं की घुमतं. हे चारदा हात धुऊन आले आणि कपिलधारचं नाव काढलं नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, एवढं बरोबर मधोमध भोक कुणी पाडलं? आणि मी म्हणते, गेवराईच्या चाचांनी. ज्या माणसाला भांड्याला भोक पाडायचं पाप नको होतं, त्याच्याच माथी मी ते मारतेय. धाकट्यालाही सांगितलेलं नाही. आत्ता ह्यांनी आतून विचारलं, एवढं काय लिहीत बसलीस? मी म्हटलं, जुन्या सामानाची यादी.