आर्थर नॉस्केची जागा

सोमवार, ४ एप्रिल
जिलाँगचं घर सोडून आज अकरा दिवस झाले आणि लिंडसेने अजून एकदाही घड्याळाकडे पाहिलेलं नाही. एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही सकाळी सहाला बूट चढवून दारात उभा राहायचा. आता गाडीच्या मागे राहायची कारवान जोडली आहे आणि ताशी सत्तरच्या वर जायचं नाही असं त्यानेच ठरवलंय. मागून धान्याचे ट्रक भोंगे वाजवत पुढे निघून जातात. हा त्यांना हात करतो आणि म्हणतो, "जा बाबांनो, तुम्हाला कामं आहेत."

दुपारी कॉर्बेट्स वेल नावाच्या गावात शिरलो. रेल्वेच्या कडेला गव्हाची उंच कोठारं, एक रुंद रस्ता, बंद पडलेलं हॉटेल, चर्च, सभागृह आणि त्यामागे लॉन बोल्सचं, गवतावर जड चेंडू लोळवायच्या खेळाचं, मैदान. आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना मैदान मात्र हिरवंगार. सभागृहाजवळच्या झाडांखाली कारवान लावली. खुर्च्या मांडतोय तोवर एक बाई भोपळ्याच्या गरम स्कोन्सची, छोट्या गोड पावांची, थाळी घेऊन आल्या. एल्वा नॉस्के. सत्तरीच्या असतील. नवरा आर्थर फेब्रुवारीत गेला, असं त्यांनी आपणहून सांगितलं. लिंडसेकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "तुमची उंची अगदी बरोबर आहे." लिंडसेने विचारलं, "कशासाठी बरोबर?" त्या नुसत्या हसल्या. स्कोन्स फार छान होते. मी चार खाल्ले.

गुरुवार, ७ एप्रिल
आज निघायचं होतं, पण राहिलो. बोल्सला चार माणसं लागतात आणि आर्थर गेल्यापासून इथे तिघेच आहेत. त्यांच्यातला क्लॅरी पोल, पूर्वी धान्याच्या कोठारांवर कामाला होता, आता एकटाच राहतो, सकाळी टोपी हातात घेऊन विचारायला आला. लिंडसे म्हणाला, मी आयुष्यात कधी बोल्स खेळलेलो नाही. क्लॅरी म्हणाला, "आर्थरलाही येत नव्हतं. चाळीस वर्षं आम्ही त्याला तेच सांगत आलो."

एल्वाने आर्थरचे पांढरे कपडे आणि बूट आणून दिले. बूटसुद्धा बरोबर बसले. दुपारभर मी बाकावर बसून विणत होते. चेंडू लोळत जायचा, थबकायचा आणि सगळे एकदम हसायचे. लिंडसेला इतकं हसताना आमच्या लेकीच्या, केरिनच्या लग्नानंतर आजच पाहिलं.

शनिवार, ९ एप्रिल
मैदानावर त्याला सगळे आर्थर म्हणतात. "आर्थर, कंबर वाकव जरा, जमीन काही वर येणार नाही," असं क्लॅरी ओरडला आणि लिंडसेने मान वर करून "तुझ्यापेक्षा तर जास्तच वाकते," असं उत्तर दिलं. चेष्टा आहे. मीही हसले.

नंतर सभागृहात चहा झाला. एल्वाने त्याच्या कपात तीन चमचे साखर घातली. मी म्हटलं, अहो, याला मधुमेह आहे, नऊ वर्षं याने साखरेला हात लावलेला नाही. एल्वा माझ्याकडे बघतच राहिल्या, जणू मी काहीतरी गैरसमजाने बोलले होते. तोवर लिंडसे अर्धा कप प्यायलाही होता.

सोमवार, ११ एप्रिल
तो डाव्या पायाने लंगडतोय. विचारलं तर म्हणाला, खुबा दुखतो, एप्रिलची थंडी सुरू झाली की नेहमीच दुखतो. त्याचा खुबा कधीच दुखत नव्हता. वाकून खेळल्यामुळे असेल.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालंय. दुपारी सभागृहातले दिवे गेले. लिंडसे उठला, रंगमंचाच्या मागे गेला, तिथे ठेवलेल्या जुन्या बाकांमधून वाट काढली, पडदा बाजूला केला आणि फ्यूज बसवून आला. मी विचारलं, तुला कसं ठाऊक फ्यूज कुठे आहे ते? म्हणाला, "मीच तर बसवलाय तो डबा." मग कपाळावर हात घासत बसला. संध्याकाळभर माझा हात धरून ठेवला होता त्याने.

बुधवार, १३ एप्रिल
लिंडसेला घेऊन टेकाडावर गेले आणि केरिनला फोन लावला. तिथेच थोडी रेंज येते. बाबाला विसरायला होतंय, वेगळंच काहीतरी बोलतो, असं सांगितलं. ती काळजीत पडली. वयाने होतं आई, म्हणाली, लगेच डॉक्टरला दाखव. मलाही तेच वाटतंय. वाटावं असं वाटतंय. हॉर्शमच्या डॉक्टरची शुक्रवारची वेळ घेतली. फोन लिंडसेच्या कानाला लावला तर तो फार अदबीने बोलला, "हो हो, तुझी आई मजेत आहे. चांगल्या बाई आहेत." केरिन हसली. बाबा चेष्टेच्या मूडमध्ये आहे म्हणाली.

त्याच्या गोळ्यांची डबी भरलेली आहे. शनिवारपासून एकही घेतलेली नाही.

गुरुवार, १४ एप्रिल
एल्वाला सरळ विचारावं म्हणून निघाले. ती घरी नव्हती. चर्चमागच्या दफनभूमीत सापडली. क्लॅरी आर्थरच्या कबरीवरचा लाकडी क्रूस उपटत होता आणि ती बाजूला छान फुलांची टोपली घेऊन उभी होती. क्रूस निघाल्यावर क्लॅरीने फावड्याने माती सारखी केली आणि पायाने दाबली.

मी विचारलं, हे काय करताय. क्लॅरी ओशाळला. एल्वा शांतपणे म्हणाली, "आता याची गरज नाही ना."

फुलं तिने माझ्या हातात दिली. कारवानमध्ये ठेवा म्हणाली.

शुक्रवार, १५ एप्रिल
तो डॉक्टरकडे आला नाही. सकाळी उठले तेव्हा बिछाना रिकामा होता. एल्वाच्या स्वयंपाकघरात बसला होता, आर्थरचा स्वेटर घालून, अंडं खात. मी म्हटलं, लिंडसे, ऊठ, डॉक्टरकडे जायचंय. त्याने आधी एल्वाकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली आणि मला म्हणाला, "तुम्ही बसा ना. एल्वा चहा टाकतेय."

एकेचाळीस वर्षं.

दंड धरून ओढलं मी त्याला. तो रागावला नाही. वेड लागलेल्या अनोळखी बाईशी लोक जसे हळू बोलतात तसा बोलला. एल्वा म्हणाली, "आर्थर, तू आत जा." आणि तो गेला. लंगडत.

कारवान तिथेच सोडून गाडी घेऊन निघाले. साठ किलोमीटरवर हमरस्त्याला लागले तेव्हा रेंज आली. केरिनला सगळं सांगितलं. पोलिसांना कळव म्हटलं तर ती म्हणाली, काय कळवू, बाबा शेजारणीकडे नाश्ता करतोय म्हणून? तू घरी ये, मग बघू. मी गाडी सुरू केली. जिलाँगकडे तोंड होतं. दहा मिनिटं तशीच बसले.

मग परत वळले. त्याला तिथे सोडून कुठे जाऊ.

शनिवार, १६ एप्रिल
केरिन मंगळवारी येणार. तोवर इथून हलायचं नाही.

खेळ बघायला गेले. त्याने लांबूनच टोपीला हात लावला, रस्त्यात भेटलेल्या कोणालाही लावावा तसा.

एल्वा शेजारी येऊन बसली. तिच्या आवाजात जराही दुष्टपणा नव्हता. म्हणाली, "तुम्हीही राहू शकता. जागा आहे." क्लॅरी मागे उभा होता. त्याच्या हातावर घडी घातलेला निळा स्वेटर होता. त्याची बायको थेल्मा गेल्याला दोन वर्षं झाली. "वारा झोंबतोय, अंगावर घ्या," म्हणाला.

मी घेतला नाही.

रविवार, १७ एप्रिल
चर्चमध्ये क्लॅरीच्या बाकावरच तेवढी जागा होती. समोर लिंडसे, एल्वाच्या खांद्याला खांदा लावून. आत फार गारठा. हात सुन्न पडले. क्लॅरीने स्वेटर पुन्हा पुढे केला —

घेतला. थंडी होती म्हणून. फक्त थंडी होती म्हणून.

भजनाचं पुस्तक उघडायला गेले तर फळ्यावरचा भजनाचा आकडा बघण्याआधीच हाताने पान काढलं होतं.

सोमवार, १८ एप्रिल
स्वेटर काढून ठेवला होता. सकाळी अंगात होता.

माझं नाव नोरीन टिपेट. माझं नाव नोरीन टिपेट. नवरा लिंडसे. आमची भेट झाली ती — पाऊस होता, मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर — त्याच्या पिशवीतली पत्रं भिजू नयेत म्हणून मी —

क्लॅरी हाक मारतोय. कोंबड्यांना दाणे घालून आले.

माझ्याकडे कोंबड्या नाहीत.

मंगळवार
आर्थर आणि एल्वा जेवायला होते. आर्थरने माझ्याकडे दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना डोळे पुसले आणि म्हणाला धूळ गेली. मलाही का कोण जाणे रडू —

बुधवार
काल जेवताना एक मुलगी आली होती. केरिन की काय नाव. दारातूनच आई आई करत गळ्यात पडली. हात सोडेना. बिचारी, फार रडली. आर्थरचा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीबाही विचारत होती. एल्वाने समजूत काढली, पाणी दिलं.

तिला एकटीला एवढ्या लांब परत पाठवायचं कसं. क्लॅरीचंही तेच म्हणणं पडलं. मी तिच्यासाठी खोली झाडून घेतली. आमची लेक मार्गरेट गेल्यापासून ती रिकामीच आहे, कपडेही तसेच कपाटात. आज सकाळी या मुलीच्या अंगाला लावून पाहिले तर बाह्या अगदी —