हरवलेल्या मुलीची चौथी घोषणा

शनिवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.
या वेळी माझ्यावर अन्याय झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, पुढे लागेल.

वरच्या मजल्यावरची रिटायर्ड नर्स मोबाइल घेऊन खाली आली. म्हणाली, मॅडम, तुमची लेक बोलतेय बघा, अगदी तुमच्यासारखी. माझ्यासारखं बोलायला आवाज लागतो, असं सांगून मी ऐकायला बसले.

लेक मानसतज्ज्ञ आहे. कुठल्याशा मुलाखतीच्या कार्यक्रमात तिला बोलावलं होतं. म्हणाली, लहानपणी ज्यांच्याकडे कोणी धड पाहिलेलं नसतं, ते पुढे जगाने आपल्याकडेच पाहावं म्हणून जन्मभर धडपडतात, आणि त्या नादात स्वतःच्या पोराकडे बघायचं राहून जातं. मी मान डोलावत होते. मला माझी धाकटी नणंद आठवत होती.

मग उदाहरण आलं. तिच्या ‘ओळखीची एक मुलगी’. आई मोठ्या दुकानात माइकवर घोषणा करणारी. मुलगी सात वर्षांची असताना हरवली. आईने घोषणा केली. मुलगी शोधत शोधत स्वतःच घोषणेच्या खोलीच्या काचेपाशी आली. आईने तिला पाहिलं आणि तरी पुन्हा पुन्हा घोषणा करत राहिली, कारण खाली माणसं थबकून ऐकत होती.

नर्स माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला चहा विचारला.

दुकानात! एकोणतीस वर्षं मी मध्यवर्ती बस स्थानकाची अधिकृत उद्घोषक होते. आणि पोटच्या पोरीने मला साबण आणि बादल्यांच्या मधे नेऊन बसवलं.

संकल्प: फोन करायचा नाही. डोकं थंड ठेवून लेखी माफी घ्यायची.

दुपारी ३. फोन केला. ती म्हणाली, आई, तुझं नाव येऊ नये म्हणून तर दुकान केलं. मी म्हटलं, नाव येऊ नये असं तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, बाकी गोष्टीबद्दल तुला काहीच म्हणायचं नाही का? मी म्हटलं, आहे ना. एकोणतीस वर्षांचा उल्लेख नाही.

१५ तारखेपर्यंत मुदत दिली.

सोमवार, ५ फेब्रुवारी.
सत्य काय ते नोंदवून ठेवते.

त्या दिवशी तिची शाळा बंद होती, म्हणून ड्युटीवर नेलं होतं. गर्दीत कुठे गेली कळलं नाही. पहिली घोषणा नेहमीसारखी केली. दुसऱ्या वेळी आवाज आपोआप कापरा झाला. तिसऱ्या वेळी अख्खं स्थानक गप्प झालं. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली. नऊ नंबरच्या फलाटावर एक अनोळखी बाई पदर... नाही, रुमाल डोळ्यांना लावून उभी होती. तेवढ्यात लेक काचेपाशी आली. मी हाताने ‘थांब’ अशी खूण केली. लोक एवढे कान देऊन ऐकत असताना मधेच माइक बंद करणं हा त्यांचा अपमान झाला असता.

चौथी घोषणा झाली ती अशी. आणि ती सर्वांत अचूक होती. आधीच्या तीनमध्ये नुसता हिरवा फ्रॉक होता. चौथीत डाव्या पायात बूट नाही हेही आलं, कारण आता ती मला समोर दिसत होती. याला कामावरची निष्ठा म्हणतात.

चारच झाल्या. लेक म्हणते पुन्हा पुन्हा. यांच्या शास्त्रात मोजणी नसते वाटतं.

स्थानक अधीक्षक स्वतः केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, मॅडम, अंगावर काटा आला. पोरगी कुणाची, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लेक म्हणते तशा आत्मप्रेमी बाईने लगेच सांगितलं असतं.

बुधवार, ७ फेब्रुवारी.
म्हणे लहानपणी कोणी पाहिलेलं नसतं. माझ्या बाबतीत हे साफ खोटं आहे. पुरावा:

कॉन्व्हेंटच्या वार्षिक नाटकात देवदूताची वाक्यं मला मिळाली होती. वय वर्षे नऊ. आवाज अख्ख्या शाळेत माझाच. पण सिस्टर म्हणाल्या, चेहरा पुढच्या रांगेसाठी नाही. तेव्हा कारखानदाराच्या मुलीला पंख लावून पुढे उभं केलं आणि मला पडद्यामागे स्टुलावर. ती ओठ हलवायची, मी बोलायचे. टाळ्या थांबेनात. माझी आई घरी येऊन म्हणाली, काय गोड बोलली गं ती पोरगी. मी म्हटलं, आई, ते मीच बोलत होते. आई म्हणाली, खोटं बोलू नये.

तर असा उत्तम अनुभव. आवाज त्यातूनच घडला. ट्रॉमा वगैरे काही नाही. पडदा किरमिजी होता, खाली डाव्या कोपऱ्यात उसवलेला. सहज आठवलं.

शनिवार, १० फेब्रुवारी.
कार्यक्रमवाल्या तरुणाला फोन करून माझी ओळख सांगितली. दुरुस्ती करा म्हटलं. तो इतका खूश झाला की मलाच घाबरल्यासारखं झालं. आजी, तुम्हीच या ना, म्हणाला. मी त्याची आजी नाही हे आधी स्पष्ट केलं. मग होकार दिला. रेकॉर्डिंग रविवारी, १८ तारखेला.

संध्याकाळी जावयाचा फोन. हा माणूस एरवी माझ्याशी हवामानापलीकडे बोलत नाही. म्हणाला, आई, जायचं तर जा, तुमचा हक्क आहे. फक्त नातीला यात ओढू नका. नाहीतर ही रविवारचं येणं बंद करेल, मी सांगून ठेवतो.

नात सात वर्षांची आहे. दर रविवारी दहाला येते, पाचला जाते. मोठ्याने वाचते, मी चुका काढते, ती हसते. आठवड्यात तेवढाच एक दिवस या घरात दुसरा आवाज असतो. तो बंद करण्याची धमकी मला? मी घाबरत नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी.
माफी आलेली नाही. मुदत २० पर्यंत वाढवली. मन मोठं असावं लागतं.

तयारी जोरात. बाथरूममध्ये आवाज चांगला घुमतो, म्हणून सकाळी सातला तिथेच सराव केला. अर्ध्या तासाने नर्स औषधांची पिशवी आणि बँकेची कागदपत्रं घेऊन जिन्यात उभी. तिला वाटलं, इमारत रिकामी करायला सांगताहेत. मशीनच्या आवाजाने माणूस असा घराबाहेर येतो का? आणि स्थानकावर मला काढून मशीन बसवलं. ते श्वाससुद्धा घेत नाही.

संकल्प: फक्त पाच मिनिटं बोलायचं. स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.
नातीला ओढलं नाही. नेलं. दोन्हींत फरक आहे. रविवार तिचा, रेकॉर्डिंगही रविवारी, त्यात माझा काय दोष?

स्टुडिओ छान. पुन्हा काचेची खोली, पुन्हा माइक. एसी फार होता. नातीला बाहेर सोफ्यावर चित्रकलेची वही देऊन बसवलं. मी सुरू केलं आणि पाच मिनिटांत नाटकापर्यंत आले. तो तरुण हनुवटीला हात लावून ऐकत होता. इतकं एकटक माझ्याकडे कोणी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना.

मधे काचेवर टकटक. नात. मी हाताने ‘थांब’ अशी खूण केली. पुन्हा टकटक. तरुण म्हणाला, थांबूया का? मी म्हटलं, प्रोफेशनल माणसं थांबत नाहीत. काचेला पडदा होता. तो ओढून घ्यायला सांगितला. त्यानंतर आवाज फारच सुरेख लागला.

तासाभराने बाहेर आले तर सोफा रिकामा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तिला बाथरूमला जायचं होतं, एकटी जायला भीत होती. मग उशीर झाला. ओल्या कपड्यांत बसून होती. आईला फोन लावून द्या म्हणाली. आई येऊन घेऊन गेली. मला का नाही बोलावलं, असं मी विचारलं. तर म्हणे, तीच नको म्हणाली, आजी बोलतेय.

समजूतदार पोर आहे. माइकचा मान कळतो.

वही सोफ्यावरच राहिली होती. आजीचं चित्र काढलंय. तोंड चेहराभर, आत दातसुद्धा मोजून काढलेत. डोळे राहिलेत. पुढच्या रविवारी पूर्ण करून घेईन.

रविवार, २५ फेब्रुवारी. 
दहा वाजले. अकरा. लेकीचा फोन लागत नाही. जावई म्हणाला, इकडे ढग आहेत.

माफीची मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली.

मंगळवार, २७ फेब्रुवारी.
कार्यक्रम लागला. नर्सला मुद्दाम खाली बोलावलं. चांगले कप काढले.

तासाभराच्या बोलण्यातलं त्यांनी एक वाक्य ठेवलं. सुरुवातीलाच. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’ पडद्यावर जुन्या पद्धतीची केशरचना केलेली एक देखणी नटी माइकपुढे बसून ओठ हलवते. मग संगीत. मग तो तरुण, आणि पुन्हा माझी लेक. माझं नाव कुठेही नाही.

नर्स म्हणाली, आवाज ओळखीचा वाटतोय, पण मुलगी काय गोड आहे हो. मी म्हटलं, ते मी बोलतेय. ती म्हणाली, हो का, आणि बिस्किट बुडवलं.

तरुणाला फोन केला. म्हणाला, आजी, तुम्ही सुंदर बोललात, पण सगळं स्वतःबद्दल. आम्हाला मुलीबद्दल हवं होतं.

या वेळी त्याला दुरुस्त करायचं राहून गेलं.

गुरुवार, २९ फेब्रुवारी. संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटे.
लेकीला द्यायच्या पत्राचा अंतिम मसुदा:

माफीचा मुद्दा मी तूर्त वगळत आहे. नावाचाही. दुकानाबद्दल माझी हरकत राहिलेली नाही, दुकानातही माणसंच असतात. घोषणा चारच झाल्या होत्या, पण तुला जास्त आठवत असतील तर तसं धर.

मुद्दा एकच. नातीची वही माझ्याकडे आहे. चित्राचे डोळे काढायचे बाकी आहेत आणि ते दुसऱ्या कोणी काढून चालणार नाहीत. तरी ती येत्या रविवारी दहा वाजता नेहमीप्रमाणे येणार आहे किंवा कसे, याचा लेखी खुलासा शनिवार, २ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत मला मिळावा. फोनवर दिलेलं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही, तसाही तुझा फोन लागत नाही. लिहायला वेळ नसेल तर मोबाइलवर नुसता अंगठा पाठवावा. तो लेखी समजला जाईल.