रेणुकाचं कार्बनचं चाक

अंबाजोगाई, मंगळवार, सांजवेळ

रेणुका आत्ताच गेली. परळीकडच्या मेंढपाळाची पोरगी, रविवारी सायकलच्या शर्यतीत उतरणार हाय. तिला कुणीतरी जुनं कार्बनचं चाक दिलं होतं, पण ब्रेक घासतो तिथंच कडेला तडा. तीन दिवस खपलो. तडा घासून कार्बनचं कापड चिकटवलं, उन्हात वाळवलं. त्या जोडावर ब्रेक घासायला नको, आणि तिच्या सायकलीला डिस्कब्रेकची सोय होतीच, म्हणून मधला हब काढून डिस्कचा बसवला, सगळे स्पोक नव्यानं ओढले. असलं काम माझ्या दुकानात पहिलंच. चाक कसं भिंगरीवाणी फिरत होतं!

फक्त नाण्यानं ठोकून बघितलं तर सगळीकडं टणटण, जोडाजवळ बोटाएवढ्या जागी मात्र बद्द आवाज. आत हवा राहून जोड कच्चा राहिला असंल? का माझ्याच कानाचा भास? पुन्हा ठोकलं. बद्दच.

तरी तिला म्हणालो, "झालं बघ, एकदम पक्कं."

चाक हातात घेऊन ती म्हणाली, "काका, शर्यतीत घाटाचा उतार लई हाय. तुमच्या पोरीला दिलं असतं का हे?"

माझ्या तोंडून "न्हाई" निघून गेलं.

तिनं चाक खाली ठेवलं, डोळे भरले. मग म्हणाली, "मग माझं आधीचं साधं चाकच बसवा." बसवून दिलं. जड हाय ते. आता ती मागं पडणार.

पण मला सलतंय ते वेगळंच. कामाचं नाव व्हावं म्हणून मी ते चाक तिच्या हाती ठेवलंच होतं. तिनं विचारलं नसतं, तर मी बोललोच नसतो.