तिसऱ्या टाकीतला वास

२ डिसेंबर
नव्या नोकरीसाठी आले एकदाची रायपूरला. समता कॉलनीत वरच्या मजल्यावर छान उन्हाची खोली मिळाली. घरमालकीण सरितामावशी मूळ भंडाऱ्याच्या. मी नागपूरची, मराठी बोलणारी म्हटल्यावर त्यांनी चहाबरोबर शेवेचा डबाच पुढ्यात ठेवला. संध्याकाळी गोल बाजारातून तवा, कुकर, बादली आणली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच काही विकत घेताना बरं वाटलं.

४ डिसेंबर
कारखाना अभनपूरच्या रस्त्याला आहे. आजूबाजूच्या गावांतून धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा येतो, इथे त्याला पैरा म्हणतात. त्याची साखर करायची आणि टाकीतल्या यीस्टला खाऊ घालायची. या यीस्टचे जीन्स बदललेले आहेत, त्यामुळे ते दारूऐवजी व्हॅनिलाचा सुगंध बनवतं. एरवी शेतात जाळून टाकतात त्या तणसापासून आइस्क्रीमचा वास! मला हे काम फार आवडलं.
यीस्ट घडवणाऱ्या राधिकादीदी माझ्या वरिष्ठ. फार कमी बोलतात. त्यांची एकुलती मुलगी गोदू डेंग्यूच्या साथीत गेली, असं टाक्या सांभाळणाऱ्या, मूळ नागपूरकडच्याच धर्मपालभैयांनी हळूच सांगितलं.

११ डिसेंबर
तिसऱ्या टाकीत दीदींचं नवं यीस्ट आहे. त्याचा हिशेब लागत नाही. यीस्ट दाट होत चाललंय, पण साखर होती तेवढीच आहे. मग ते खातंय काय? दीदी म्हणाल्या, मीटर खराब असेल. मीटर बदललं, तरी तेच.
नमुना काढताना वास आला. व्हॅनिलाचा नाही. खोबरेल, चुलीचा धूर, घामाने ओलसर सुती पातळ. माझ्या आईचा वास. मी होते तिथेच उभी राहिले. धर्मपालभैयांना विचारलं तर म्हणाले, मले तं काहीच वास येऊन नाही राहिला. त्यांच्या घरचं अजून कोणी गेलेलं नाही.

१५ डिसेंबर
दीदींना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना तिथे गोदूच्या केसांचा वास येतो, न्हाऊ घातल्यावर यायचा तसा. कोणाला सांगू नकोस, टाकी बंद करतील, म्हणाल्या. मी कबूल केलं. मलाही ती बंद व्हायला नको आहे. आता रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी तिच्या हवा सुटायच्या नळीपाशी बसतो. आज पोटभर रडले. हलकं वाटलं.

२२ डिसेंबर
सरितामावशी म्हणाल्या, काहून वं पोरी, जेवून नाही राहिली? तुही माय काय रांधे ते सांग, तसंच रांधून देतो.
सांगायला तोंड उघडलं. आईच्या हातचं काहीच आठवेना.

२६ डिसेंबर
आज गोदूचा वाढदिवस. दरवर्षी या दिवशी दीदी आणि त्यांचे यजमान पराग तिच्या शाळेत खाऊ वाटतात. ते दीदींना घ्यायला आले. दीदींनी शांतपणे विचारलं, कोण गोदू? पराग आधी हसले. मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. दीदी फोटो मोठा करून बघत म्हणाल्या, गोड पोट्टी आहे, कोणाची?
पराग तिथेच फरशीवर बसले.
साखर का संपत नाही ते मला कळलं. ते यीस्ट आम्हाला वास देतं आणि आमची माणसं खातं.

२७ डिसेंबर
धर्मपालभैयांना सगळं सांगितलं. पटलं की नाही कोण जाणे, पण म्हणाले, मॅडम, टाकीत वाफ सोडून मारून टाकू त्या यीस्टले. उद्या सकाळीच.
इथे आईचं नाव लिहून ठेवायचं होतं. शां— शे—

२८ डिसेंबर
वाफ सोडली नाही. भैयांना म्हटलं, तुम्ही जा, मी करते. आणि नळीपाशी बसले. शेवटचं एकदाच म्हणून. पाठीवर आईचा हात होता. वळून पाहिलं तर हाताला चेहरा नव्हता—

२९ डिसेंबर
बाबांचा फोन. रविवारी पुण्यानुमोदन ठेवलंय, तिला जाऊन वर्ष झालं, तू ये बाई.
मी विचारलं, कोणाचं?
ते रडायला लागले. मला वाईट वाटलं, रस्त्यात कोणी परकं रडताना दिसावं तसं.

३० डिसेंबर
डायरीची मागची पानं वाचली आणि वाफेची चावी उघडायला आले. खोबरेल नाही आज. दाढीचा साबण. विडी. ओल्या खाकी कापडाचा—
हा तर बाबांचा.
पण इथे वास गेलेल्या माणसांचाच येतो, आणि बाबा तर आहेत. कालच बोललो आम्ही.
फोन लावलाय. वाजतोय. नुसता वाजतोय. उचला ना बाबा. मला आठवतंय, अजून आठवतंय, सायकलच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून तुम्ही मला शाळेत— आणि वाटेत तुम्ही ते गाणं— आणि तुमचं नाव, तुमचं नाव—